जन्मदाखल्यापासून मेट्रोच्या लिफ्टपर्यंत: खान्देशातून बाळाला घेऊन परदेशी जाताना

नवरा दुबईला किंवा जर्मनीत नोकरीला, बाळंतपण माहेरी झालेलं, आणि आता बाळ चार-पाच महिन्यांचं झाल्यावर निघायचं आहे. किंवा दोघांना फिरायला जायचं आहे आणि बाळाला मागे ठेवायचा प्रश्नच नाही. दोन्ही घरांत पहिली भीती एकच असते: विमानात रडलं तर? विमानातले सात-आठ तास कसेही निघतात. अडतं ते निघण्याच्या दोन-तीन महिने आधी कागदांत, आणि पोहोचल्यावर अनोळखी शहराच्या जिन्यांवर. म्हणून या लेखात विमानाला थोडीच जागा आहे.

हातात निदान तीन महिने ठेवा. युरोप किंवा अमेरिका असेल तर चार-पाच.

## १. आधी ठिकाण आणि बाळाचं वय जुळवा

साडेतीन-चार महिन्यांपासून नऊ-दहा महिन्यांपर्यंतचा काळ प्रवासाला सगळ्यात सोपा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी झालेल्या असतात, बाळ मान धरतं, आणि ठेवाल तिथे राहतं. एक ते पावणेदोन वर्षांचं मूल सगळ्यात अवघड: चालायचं असतं, ऐकायचं नसतं, आणि विमानात त्याला स्वतःची सीटही नसते.

पहिल्याच खेपेला जवळचं शहर निवडा. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, बँकॉकचं दीड तास पुढे, सिंगापूरचं अडीच तास पुढे. एवढा फरक बाळाला जाणवतही नाही. पॅरिस उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे, न्यूयॉर्क साडेनऊ ते साडेदहा. बाळाची झोप दिवसाला साधारण तासाभराने सरकते, त्यामुळे अमेरिकेचा पहिला आठवडा फिरण्यात धरूच नका. आठ दिवसांत चार शहरं दाखवणारी टूर बाळ असताना घेऊ नका. एक शहर, फार तर दोन.

## २. जन्मदाखला: इथली चूक पुढे प्रत्येक खिडकीवर भेटते

१ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. आधारकार्ड त्याच्या जागी चालत नाही.

नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, सासरच्या गावी नाही. सासर शिरपूरचं आणि बाळंतपण सुरतेला माहेरी झालं असेल, तर दाखला सुरत महापालिकेचाच निघेल. दवाखान्यातून घरी येण्याआधीच नोंद कुठे पाठवली, ते विचारून घ्या. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते.

पुढचे घोळ नेहमीचे:

- दाखल्यावर बाळाचं नावच नाही. बारशाआधी नोंद झाली की नावाची जागा रिकामी राहते. नोंदीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, पण ते आपोआप पडत नाही, अर्ज करावा लागतो. नाव नसलेल्या दाखल्यावर पासपोर्ट होत नाही.
- आईचं नाव. पासपोर्टवर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि दवाखान्याच्या फॉर्मवर जे कुणी घाईत सांगितलं ते. दवाखान्यातला फॉर्म भरताना आईबापांचे पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यांतलं स्पेलिंग अक्षरन् अक्षर उतरवा. हे काम मामाकडे किंवा कंपाउंडरकडे सोपवू नका.
- इंग्रजी स्पेलिंग. मराठीत ‘चौधरी’ एकच, इंग्रजीत त्याचे तीन प्रकार. व्हिसावाले मराठी ओळ वाचत नाहीत.

दुरुस्ती होते, पण पुरावे जोडून, आणि वेळ जातो. दाखल्याच्या तीन-चार प्रती एकदमच काढून ठेवा.

## ३. पासपोर्ट

बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतोच. आईच्या पासपोर्टवर मुलाचं नाव चढवायची जुनी पद्धत आता नाही. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचा असतो. साधं शुल्क १,००० रुपये, आणि ८ वर्षांखालच्या मुलाला १० टक्के सूट, म्हणजे ९०० रुपये. तात्काळला वर २,००० रुपये.

अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर स्वतःच भरा. सायबर कॅफेत भरून घ्यायचाच असेल, तर ‘सबमिट’च्या आधी प्रत्येक ओळ वाचा. तारखा पाहताना नाशिकचं केंद्र आणि आपल्या भागातली पोस्ट ऑफिसातली केंद्रं, दोन्ही पाहा. कधी कधी नाशिकला आठवडाभर आधीची तारीख मिळते.

सोबत न्यायचं:

- जन्मदाखला, मूळ आणि झेरॉक्स
- दोन्ही पालकांच्या सह्यांचं संमतिपत्र, म्हणजे ‘अ‍ॅनेक्श्चर डी’
- दोन्ही पालकांचे मूळ पासपोर्ट, आणि पहिल्या व शेवटच्या पानांच्या झेरॉक्स
- पत्त्याचा पुरावा (बहुधा पालकाचा)
- बाळाचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे ४.५ × ३.५ सेंटिमीटरचे फोटो
- आणि बाळ

वडील परदेशात असतील तर त्यांचं संमतिपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून मागवावं लागतं. त्याला पंधरा-वीस दिवस सहज लागतात, म्हणून अपॉइंटमेंट घेण्याआधी ते मागवा. एका पालकाची संमती मिळूच शकत नसेल, तर ‘अ‍ॅनेक्श्चर सी’ वापरतात.

पालकांच्या पासपोर्टवर जुना पत्ता असेल तर हमखास अडतं. लग्नानंतर अमळनेरहून जळगावला बिऱ्हाड हलवलं आणि पासपोर्ट तसाच राहिला, असं बहुतेक घरांत असतं. अशा वेळी आधी पालकाचा पासपोर्ट नवा करा, मग बाळाचा. दोन्ही पालकांचे पासपोर्ट वैध आणि माहिती जुळणारी असली, तर बाळासाठी पोलीस पडताळणीची बहुधा गरज पडत नाही.

फोटोबद्दल दोन शब्द, कारण फोटोवरून परत पाठवतात. काजळ पुसा. कपाळावरची आणि गालावरची तीट पुसा. टोपडं काढा. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून, दिवसाच्या उजेडात, वरून फोटो काढा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कुणाचा हात चौकटीत नाही, चेहऱ्यावर सावली नाही. पोट भरल्यावर दहा मिनिटांनी काढलेला फोटो चांगला येतो.

नावाचे रकाने भरताना: ‘गिव्हन नेम’मध्ये बाळाचं आणि वडिलांचं नाव (आरव मनोज), ‘सरनेम’मध्ये आडनाव (पाटील). पासपोर्टवर जसं छापून येईल तसंच पुढे तिकिटावर.

## ४. व्हिसा

बाळ म्हणून व्हिसा कुणी माफ करत नाही, फी मात्र काही देश माफ करतात. शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले बहुतेक देश) व्हिसाला ६ वर्षांखालच्या मुलांना फी नाही, पण अर्जकेंद्राचा सेवाआकार द्यावा लागतो. ब्रिटन आणि अमेरिका तान्ह्या बाळाचीही मोठ्यांइतकीच फी घेतात. घरात जुळी असतील तर हा आकडा आधी मांडून पाहा.

शेंगेनसाठी बाळाच्या बोटांचे ठसे लागत नाहीत. अर्ज मात्र वेगळा, फोटो वेगळा, अपॉइंटमेंट वेगळी. आईबापांनी दोघांच्याच अपॉइंटमेंट घेतल्या आणि तिसरी विसरली, की मुंबईची खेप फुकट जाते. अर्जावर बाळाच्या जागी पालक सही करतात. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि त्यात बाळाचं नाव स्वतंत्र हवं. काही विमा कंपन्या तीन किंवा सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, म्हणून विकत घेण्याआधी किमान वय विचारा.

एकच पालक नेणार असेल, तर दुसऱ्याचं इंग्रजीतलं संमतिपत्र नोटरी करून, त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स जोडून, जन्मदाखल्यासह हातातल्या बॅगेत ठेवा. व्हिसाला मागतात, आणि काही देशांत उतरल्यावर खिडकीवरही मागतात.

थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवसांची व्हिसामाफी दिली, पण अशा सवलती बदलत असतात. निघायच्या महिन्यात पुन्हा पाहा. थायलंड आणि सिंगापूर, दोन्हीकडे उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्र भरायचं असतं, बाळाचंही. दोन्ही सरकारी आहेत आणि फुकट आहेत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते बंद करा.

## ५. बालरोगतज्ज्ञाकडे एक खेप, प्रश्न लिहून

निघण्याच्या सहा आठवडे आधी जा, कारण राहिलेली लस द्यायला वेळ हवा.

गोवराची लस आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात. ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला परदेशी नेताना गोवराचा एक जादा डोस आधी द्यावा, असं आंतरराष्ट्रीय प्रवासाचे वैद्यकीय सल्ले सांगतात. तो नेहमीच्या वेळापत्रकात धरत नाहीत, नेहमीचे डोस पुन्हा घ्यावेच लागतात. डॉक्टरांना थेट विचारा. केनियासारख्या पीतज्वराच्या देशात जायचं असेल, तर नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती लस सहसा देत नाहीत. अशी सहल पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

लसीकरण कार्डाचा प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये, आणि डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत औषधांची यादी. त्या यादीवर बाळाचं वजन आणि तापाच्या औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, नुसती मिलिलिटरमध्ये नको. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात, सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० चं. अमेरिकेत मिळणारं ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅमचं असतं. ‘एक मिली द्या’ हे वाक्य बाटली बदलली की धोक्याचं होतं.

औषधांची पिशवी लहानच असावी: पॅरासिटामॉल, ओआरएसच्या पुड्या, झिंक, सलाईनचे नाकाचे थेंब, पुरळावरचं मलम, थर्मामीटर, औषध मोजायची सिरिंज. बाळ विमानात झोपावं म्हणून सर्दीचं सिरप पाजायचा सल्ला कुणीतरी देतंच. अजिबात पाजू नका. काही बाळं त्याने उलट जास्त चेकाळतात, आणि लहान वयात श्वासाला धोका असतो.

## ६. तिकीट

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं. पूर्ण सेवेच्या विमान कंपन्या त्यासाठी मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के आणि कर घेतात. वय प्रत्येक प्रवासाच्या दिवशी मोजतात: जाताना तेवीस महिने आणि परतताना दोन वर्षं पूर्ण झाली, तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ.

बॅसिनेट, म्हणजे पुढच्या भिंतीला लावायचा छोटा पाळणा, स्वस्त सेवेच्या विमानांत नसतो. इतरांकडेही मोजकेच असतात. तिकीट काढल्या दिवशीच कंपनीला फोन करून मागणी नोंदवा, तिकिटावर ती दिसते का ते पाहा, आणि विमानतळावर काउंटर उघडल्या उघडल्या पुन्हा विचारा. वजनाची मर्यादा कंपनीनुसार १० ते १४ किलोंच्या आसपास असते. विमान हवेत हेलकावे खायला लागलं की बाळाला त्यातून उचलून मांडीवर घ्यावं लागतं, झोपलेलं असलं तरी. म्हणून रात्रभराची झोप त्याच्या भरवशावर ठेवू नका.

आणखी एक, साधं पण महागात पडणारं: तिकिटावर १२ तारीख, वेळ ००.४५ असेल, तर घरून ११ तारखेला निघायचं आहे.

## ७. बॅग: काय न्यायचं आणि काय घरीच राहू द्यायचं

डायपर. दिवसाला सहा ते आठ. प्रवासाचे आणि वर दोन दिवसांचे न्या, बाकीचे तिथे घ्या. आकार तिथेही बाळाच्या वजनावरच असतात, अमेरिकेत मात्र किलोंऐवजी पौंडांत.

पावडरचं दूध. पूर्ण मुक्कामाचं घरूनच न्या, अनोळखी ब्रँडने पोट बिघडण्याची जोखीम परदेशात नको. हिशोब असा: १०० मिलिलिटर दुधाला साधारण १३ ग्रॅम पावडर. दिवसाला ८०० मिलिलिटर पिणाऱ्या बाळाला ४०० ग्रॅमचं पाकीट जेमतेम चार दिवस पुरतं. विमानाच्या हातबॅगेत १०० मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला, पाण्याला आणि औषधाला प्रवासापुरत्या प्रमाणात लागू नसतो. तपासणीला ते वेगळं काढून दाखवा.

वरचं खाणं. मूगडाळ-तांदळाची भाजून दळलेली पूड आणि नाचणीसत्व, दोन्ही गरम पाण्यात होतात. मीठ-साखर लागत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच नको. घरगुती पुडीवर इंग्रजीत लेबल चिकटवा: काय आहे, तारीख. बिनलेबलची पांढरी पूड पिशवीत बांधून नेली की कस्टमवाल्याला संशय येणारच.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायचा भाग.

*साजूक तूप, पेढे, खवा:* युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. सूट आहे ती बाळाच्या दूध-पावडरीला आणि बाळाच्या खाण्याला, माणशी २ किलोपर्यंत, कंपनीचं बंद पाकीट आणि फ्रिजमध्ये ठेवावं न लागणारं. आईने कढवलेलं तूप त्यात बसत नाही.

*डिंकाचे लाडू:* बाळंतिणीच्या लाडवांत खसखस असते, आणि खसखस सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. चिमूटभर का असेना, अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. दुबईला लाडू न्यायचेच असतील तर बिनखसखशीचे वळून घ्या. मसाल्याच्या डब्यातली खसखसही काढा.

*घुटीची पेटी:* जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, सगळं पुरचुंडीत. सौदीत जायफळावर बंदी आहे, इतरत्र ही मुळं काय आहेत ते समजावता समजावता विमान सुटेल. बालरोगतज्ज्ञही घुटीच्या बाजूने नसतात, तेव्हा पेटी घरीच राहू द्या.

केळ्यांचं मात्र उलटं आहे. युरोपीय संघ ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला मागतो, पण पाच फळं त्यातून वगळली आहेत: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. रावेर-यावलकरांची मान ताठ व्हावी अशी ही यादी. अर्थात बॅगेत काळी पडलेली केळी न्यायची गरज नाही, तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, आणि कुस्करलेलं केळं हे प्रवासातलं सगळ्यात सोपं बाळअन्न आहे.

विजेची किटली. ब्रिटन, दुबई, सिंगापूरला तीन चौकोनी पिनांचा प्लग, युरोपात दोन गोल. अमेरिकेत दाबच ११०-१२० व्होल्टचा, आपली किटली तिथे नीट तापत नाही. दुधाचं पाणी उकळून, थोडं निवल्यावर पण ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर घालायची, मग कोमट करून पाजायचं.

वाळे, बिंदल्या, करगोट्याची चांदीची घागरी: विमानतळाच्या दरवाजात सगळं वाजतं. आदल्या रात्री काढून ठेवा.

बाबागाडी आणि झोळी. गाडी एका हाताने घडी होणारी, सात किलोंच्या आतली. शिवाय अंगाला बांधायचं बेबी कॅरियर हवंच. प्राग किंवा रोमच्या दगडी फरसबंदीवर छोट्या चाकांची गाडी खडखडत अडते. आणि एक गोष्ट फक्त आपल्याकडच्या बाळांची: ज्याला झोळीत किंवा पाळण्यात झोका दिल्याशिवाय झोप येत नाही, ते हॉटेलच्या सपाट खाटेवर रात्रभर रडतं. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधीपासून दुपारची एक झोप गादीवर लावा, मग रात्रीची. ही तयारी बहुतेक जण करत नाहीत आणि पहिल्या दोन रात्री जागून काढतात.

## ८. घर ते मुंबई विमानतळ

आंतरराष्ट्रीय विमानं बहुतेक रात्री उशिरा सुटतात. त्याच दिवशी सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळी विमानतळ, हा बेत पावसाळ्यात करू नका. कसारा घाटात दरड आली किंवा मुंबईत पाणी तुंबलं की गाडी तासन् तास उभी राहते. आदल्या दिवशी पोहोचून अंधेरीच्या बाजूला मुक्काम करा. बाळाचीही झोप होते.

भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावहून मुख्य मार्गाने येणाऱ्यांनी ठाणे किंवा दादरला उतरावं. सगळ्या गाड्या ठाण्याला थांबत नाहीत, तिकीट काढताना पाहा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून सुरतमार्गे येणाऱ्यांना बोरिवली सोयीचं. मेट्रो तीनचं स्थानक टी-टूलाच (मुंबई विमानतळाचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल) आहे, पण तीन बॅगा आणि बाळ असताना टॅक्सीच करा. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेचं तिकीट लागत नाही, खालचा बर्थ मात्र आधी पक्का करा. धुळ्याहून रस्त्याने येत असाल तर दर दोन-अडीच तासांनी थांबा; पहिला थांबा मालेगावनंतर, दुसरा नाशिकच्या पुढे.

नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे. तिकिटावर कुठला लिहिलाय ते वाचल्याशिवाय टॅक्सीत बसू नका. नंदुरबार-नवापूरकडच्यांनी सुरत आणि अहमदाबाद, शिरपूर-रावेरकडच्यांनी इंदूरहून जाणारी विमानंही एकदा पाहावीत. मुंबईची अख्खी दगदग वाचते.

## ९. विमानात

बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, काउंटरवर टॅग लावून घ्या. ती परत दारात मिळणार की पट्ट्यावर, तेही तिथेच विचारा.

उतरण्याच्या अर्धा तास आधी विमान खाली यायला लागतं, कान तेव्हा दुखतात. पाजायचं ते त्या वेळेला राखून ठेवा, चोखताना आणि गिळताना कान मोकळे होतात. सर्दी जास्त असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. हातबॅगेत बाळाचे दोन जोड आणि तुमचाही एक सदरा. ओकारी सहसा बाळाच्या अंगावर होत नाही.

## १०. त्या शहरात

राहायला स्वयंपाकाची छोटी जागा आणि फ्रिज असलेली खोली पाहा. स्थानकापासूनचं अंतर पाहता तसं ‘लिफ्ट आहे का’ हेही पाहा. युरोपातल्या जुन्या इमारतींत चौथा मजला आणि अरुंद गोल जिना, हे नेहमीचंच.

मेट्रोत सगळी शहरं सारखी नाहीत. सिंगापूर आणि दुबईत प्रत्येक स्थानकाला लिफ्ट आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत बरीच स्थानकं जिन्याचीच. त्यांचा ‘स्टेप-फ्री’ नकाशा आदल्या रात्री उतरवून घ्या. पॅरिसला जुन्या मेट्रोत पूर्ण लिफ्टची मार्गिका म्हणजे चौदावी. दोन्ही शहरांत बाबागाडीला बसच बरी: मधल्या दाराशी जागा असते, फक्त चाकाच्या खुर्चीवरचा प्रवासी आला की ती त्याला द्यायची.

तिकिटाचं: लंडनला ५ वर्षांखाली फुकट, पॅरिसला ४ वर्षांखाली, सिंगापूरला ०.९ मीटर उंचीपर्यंत. दुबई मेट्रोत बायका-मुलांचा डबा वेगळा आहे. आई आणि बाळ त्यात, वडील शेजारच्या डब्यात. चुकून चढलेल्या पुरुषाला दंड होतो. दुबई आणि सिंगापूर दोन्हीकडे मेट्रोत खाणंपिणं मना आहे, बाळाला स्थानकात शिरण्याआधी भरवून घ्या.

मोटारीत मांडीवर बाळ घेऊन बसायची आपली सवय तिथे चालत नाही. अमिरातीत ४ वर्षांपर्यंत बालआसन सक्तीचं. जर्मनीत १२ वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत. सिंगापूरला टॅक्सीला सूट आहे, पण अ‍ॅपवरून बोलावलेल्या खासगी मोटारीला नाही. विमानतळावरून न्यायला गाडी सांगताना बाळाचं वय सांगून आसन मागून घ्या.

अंगावर काय. मे महिन्यात भुसावळला ४४-४५ अंश आणि दुसऱ्या दिवशी ॲमस्टरडॅमला १२, हा फरक बाळाला कपड्यांच्या थरांनी झेपतो. तुम्ही जितके थर घातलेत त्यापेक्षा एक जास्त. ‘पोऱ्याले वारा लागी जाई’ म्हणत आजी फोनवरून चार थर सुचवेल, पण तापवलेल्या मेट्रोत तेवढ्याने बाळ घामेजतं. मोटारीच्या आसनात जाड जाकीट काढूनच पट्टा बांधा, नाहीतर तो सैल राहतो. उन्हात बाबागाडीवर पांघरूण टाकू नका, आत भट्टी होते.

दिवसाचा बेत: सकाळी एक ठिकाण, दुपारी खोलीवर झोप, संध्याकाळी बाग किंवा नदीकाठ. मोठ्या संग्रहालयांत बाळ बदलायची खोली असते, म्हणून बाहेर पडण्याआधी ती वापरा, पुढची कधी दिसेल सांगता येत नाही. पाजायला आडोसा शोधत फिरू नका. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी अंगावर पाजण्याला कायद्याचं संरक्षण आहे. दुबईच्या मॉलमध्ये त्यासाठी खोल्या असतात. सुती ओढणी सगळीकडे पुरते.

## ११. तिथे आजारी पडलं तर

तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश ताप म्हणजे थेट दवाखाना. त्याहून मोठ्या बाळाला सहा तासांत लघवी झाली नाही, पीत नाही, किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर वाट पाहू नका.

रुग्णवाहिका: युरोपीय संघ ११२, ब्रिटन ९९९, अमिराती ९९८, सिंगापूर ९९५, थायलंड १६६९, अमेरिका ९११.

आणीबाणी नसेल तर आधी विम्याच्या मदत क्रमांकावर फोन करा, कोणता दवाखाना कॅशलेस घेतो ते तेच सांगतात. न कळवता गेलात तर पैसे भरून नंतर मागावे लागतात. त्यासाठी डॉक्टरांचा अहवाल, औषधाची चिठ्ठी आणि पैसे भरल्याची पावती, तिन्ही मूळ प्रतीत हवीत. पॉलिसीवर आणि पासपोर्टवर बाळाच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते घरून निघण्याआधीच ताडून पाहा. दाव्याची फाईल बहुतेक वेळा तिथेच परत येते.